खारपाणपट्ट्यात समुद्री शेवाळ: गाडीचं तेल की ताटातलं?

खारं_पाणी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातून लिहितोय, खारपाणपट्ट्यातून, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं असलेल्या वऱ्हाडातल्या भागातून. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो, आता घरची सात एकर पाहतो. हरभरा, तूर, कपाशी, सगळं पावसाच्या भरवशावर. बोअर आहे, पण त्याचं पाणी द्यायचं कोणाला? अंगणात शिंतोडा उडाला तर वाळल्यावर पांढरा डाग राहतो. पिकाला दिलं की जमीन चोपण (कडक, नापीक) होते, हे आमच्या आजोबांनाही ठाऊक होतं.

मागच्या आठवड्यात गावात एक गृहस्थ आले. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पडदा लावून दाखवलं की समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ खाऱ्या पाण्यात वाढतं, अंगात तेल साठवतं, त्या तेलाचं बायोडिझेल होतं आणि त्यातच माशाच्या तेलातलं ओमेगा-३ (शरीराला लागणारी एक चरबी) सुद्धा असतं. एकरभर उथळ तळं खोदायचं, प्लास्टिकचा कागद अंथरायचा, बियाणं ते देणार, माल तेच उचलणार. नोंदणीची रक्कम आधी भरायची. गावातली पाच-सहा पोरं तयार झालीत, त्यात माझा पुतण्याही आहे.

खरं सांगतो, त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या पाण्यानं आमच्या चार पिढ्यांना रडवलं, त्याच पाण्यातून तेल निघालं तर! म्हणून विचारतो. समुद्रातल्या या जीवांपासून इंधन खरंच निघतं का? आमचं पाणी त्याला चालेल का? आणि पोरांना मी काय सांगू?

वणीवाला

विषय छान काढलात सर. आमच्या वणीचा कोळसा पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलाचा, पण जगातलं खनिज तेल बहुतांशी समुद्रातल्या याच सूक्ष्म जीवांचं. मेले, तळाशी गाळात दबले, भाजले, तेल झाले. म्हणजे तुमचे पाहुणे खोटं काही बोलले नाहीत. निसर्गाला त्या कामाला कोट्यवधी वर्षं लागली, त्यांनी किती महिने सांगितले?

खारं_पाणी

पंचेचाळीस दिवसांत पहिला तोडा म्हणाले.

बुढा_बैल

राजेहो, म्या सांगतो. २००५ च्या आसपास आमच्याकडं मोगली एरंडाची अशीच हवा होती. सरकारनं बायोडिझेलचं मिशन काढलं होतं, पेपरात रोज फोटो. मले एकानं रोपं आणून देल्ली, म्हणे पडीक जमिनीत येते, पाणी लागत नाही, बकरी तोंड लावत नाही. तीन एकर लावलं बावा. बकरीनं तोंड नाही लावलं हे खरं. पण पाणी नाही देल्लं तं झाडाले बी पण मूठभरच येते. चौथ्या वर्षी दोन पोते बी झालं तं घेणाऱ्याचा फोन बंद. ते पोते आमच्या कोठ्यात उंदरायनंही नाही खाल्ले. पुतण्याले सांगा, बियाणं कोण देते हे नको पाहू, माल कोण घेते अन् कोणत्या भावानं घेते ते पाय.

जवसाची_चटणी

+१ बुढा_बैल काका. २००९ च्या जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत पेट्रोल-डिझेलमध्ये २० टक्के जैवइंधन मिसळायचं लक्ष्य होतं. मोगली एरंडानं ते कुठेच गाठलं नाही.

शैवालिनी

मूळची मूर्तिजापूरची, त्यामुळे खारपाणपट्टा मलाही माहेरचा. गेली बारा वर्षं समुद्री सूक्ष्मजीवांवर काम करतेय. थोडं लांबेल, पण सरांनी झोप मोडून विचारलंय तर नीट सांगते.

तुमच्या पाहुण्यांची कल्पना नवी नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षं हेच केलं. तीन हजारांवर जाती गोळा केल्या, त्यातून तीनशेच्या आसपास निवडल्या. आणि जागा कुठली धरली? नैऋत्येकडचा वाळवंटी, खाऱ्या भूजलाचा प्रदेश. न्यू मेक्सिकोत रॉसवेल इथं हजार चौरस मीटरची तळी बांधली. म्हणजे आपल्या दर्यापूरचाच प्रश्न, फक्त दुसऱ्या देशात. शेवाळ वाढलं, तेलही निघालं. एखाद्या चांगल्या दिवशी चौरस मीटरला पन्नास ग्रॅमपर्यंत उत्पादन गेलं, पण थंड रात्रींमुळे वर्षाची सरासरी फार खाली राहिली. प्रयोगशाळेतून आणलेली तेलकट जात तळ्यात सोडली की काही दिवसांत वाऱ्यावर आलेली गावठी जात तिला हुसकावून लावायची. पेरणीनंतर तण माजावं तसं.

दुसरी अडचण त्या जीवाच्या स्वभावातली आहे. शेवाळ तेल कधी साठवतं? नत्र संपला की. उपाशी ठेवलं की ते पुढच्या दिवसांसाठी चरबी धरतं, पण त्याच वेळी त्याची वाढ थांबते. वाढ हवी तर तेल कमी, तेल हवं तर वाढ कमी. अजून कोणाला यातून सोपी वाट सापडलेली नाही. एक्सॉनमोबिलसारख्या कंपनीनं २००९ साली यात ६० कोटी डॉलरपर्यंत गुंतवायची घोषणा केली होती, २०२३ च्या सुरुवातीला त्यांनीही हात आखडता घेतल्याच्या बातम्या आल्या.

आता तुमचं पाणी. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तुमच्या बोअरचा अहवाल आहे का?

खारं_पाणी

आहे. एकूण विरघळलेले क्षार लिटरला ३२०० मिलिग्रॅम. म्हणजे ३.२ ग्रॅम. अरे देवा, समुद्राच्या दहावा हिस्साही नाही!

शैवालिनी

तेच. माणसाला आणि पिकाला खारं, पण समुद्री जीवाला ते जवळजवळ गोडं पाणी. उरलेलं मीठ विकत आणून घालावं लागेल. आणि मीठ विकत आणून पूर्णा नदीच्या काठावर टाकायचं हे माझ्या जिवाला पटत नाही. ते पाणी कधी तरी पाझरणारच.

हिशेबी

मी आकडे मांडून बघितले, चुकलो तर सांगा. एक एकर म्हणजे ४००० चौरस मीटर. चांगलं म्हणावं असं रोजचं उत्पादन चौरस मीटरला २० ग्रॅम धरू. म्हणजे रोज ८० किलो सुकं शेवाळ. २५ टक्के तेल धरलं तर २० किलो तेल. डिझेलच्या भावानं दोन हजार रुपयांच्या आसपास. ऐकायला बरं वाटतं ना?

आता खर्चाकडे या. अशा तळ्यात लिटरभर पाण्यात शेवाळ असतं सुमारे अर्धा ग्रॅम. ८० किलो काढायला रोज १ लाख ६० हजार लिटर पाणी उपसून, गाळून परत सोडायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर, तसे सोळा, रोज. एका टँकरमधून सव्वा किलो तेल. त्याशिवाय ८० किलो शेवाळाला १४० किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड लागतो. नत्र पाच किलो धरला तरी अकरा किलो युरिया, म्हणजे चार दिवसाला एक बॅग. मे महिन्यात उघड्या तळ्यातून दिवसाला एक सेंटीमीटर पाणी उडालं तर ४० हजार लिटर गेलं, आणि मीठ मात्र तिथंच राहिलं.

बुढा_बैल

चार दिवसाले एक बॅग! इथं कपाशीले युरिया भेटत नाही, रांगेत चप्पल ठेवा लागते.

सूर्यफूल

हिशेबी, तुमचं गणित आजच्या तंत्राचं आहे. मी यंत्र अभियंता आहे आणि मला इतक्या लवकर फुली मारणं मान्य नाही. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेनं शेवाळाच्या बायोडिझेलच्या मिश्रणावर गाडी चालवून दाखवली आहे. विमानं उद्या बॅटरीवर उडणार नाहीत, त्यांना द्रव इंधन लागणारच. सौर पॅनेलही एके काळी परवडत नव्हती. संशोधन थांबलं असतं तर आज आपल्या शेतात सौर पंप दिसले नसते.

शैवालिनी

सूर्यफूल, संशोधन चालूच राहिलं पाहिजे, माझं पोट त्यावरच आहे. पण संशोधनाची जोखीम प्रयोगशाळेनं, सरकारनं, मोठ्या कंपनीनं घ्यावी. दर्यापूरच्या पोरानं सातबारा गहाण ठेवून घेऊ नये. भावनगरची गाडी चालली यात मला अभिमानच आहे. गाडी चालणं आणि धंदा चालणं या दोन गोष्टींत मात्र फार अंतर आहे.

सूर्यफूल

हे मान्य. सातबाऱ्याबद्दल शंभर टक्के मान्य.

लोणारकर

थोडं अवांतर, पण आमचं लोणार कोणी काढलंच नाही! विदर्भात समुद्र नसेल, पण उल्केनं खोदलेलं खारं तळं आहे. सामू (पीएच) दहाच्या आसपास, मासा जगत नाही, पण पाणी हिरवंगार, स्पिरुलिना नावाच्या निळ्या-हिरव्या सूक्ष्म शेवाळानं भरलेलं. २०२० च्या जूनमध्ये तेच पाणी गुलाबी झालं तेव्हा आख्खा महाराष्ट्र बघायला धावला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचं रंगद्रव्य. पाणी आटून खारेपणा वाढला आणि ते माजले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव आलं. आम्ही लहानपणी तळ्याच्या काठानं कमळजा देवीला जायचो, तेव्हा पायाला लागलेला तो हिरवा चिकट थर आठवतो. वास मात्र असा की विचारू नका!

त्या स्पिरुलिनाचं तेल निघेल का?

आहारताई

लोणारकर, स्पिरुलिनात तेल जेमतेम ६ ते ८ टक्के. त्याची किंमत प्रथिनासाठी, ५५ ते ६५ टक्के. आणि मेंदूला, डोळ्याच्या पडद्याला लागणारं जे डीएचए नावाचं ओमेगा-३, ते त्यात नाहीच. दुकानात स्पिरुलिनाच्या गोळ्या आणि बाटलीतलं शेवाळाचं डीएचए तेल, दोन्ही एकाच फळीवर ‘शेवाळ’ म्हणून ठेवतात आणि लोक स्पिरुलिनाच्या गोळ्या ओमेगा-३ समजून नेतात. माझ्याकडे येणाऱ्या गरोदर बायकांपैकी कितीतरी जणी असंच करतात.

आणखी एक. डीएचए माशात असतं म्हणून आपण मासा खायला सांगतो. पण मासा ते बहुतांशी स्वतः बनवत नाही, शेवाळ खाणाऱ्या किड्यांतून त्याच्या अंगात येतं. मूळ कारखाना शेवाळाचाच. मग माळकरी घरातल्या बाईनं थेट तिथूनच का घेऊ नये? २००८ साली अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी गरोदर बाईला रोज किमान २०० मिलिग्रॅम डीएचए सुचवलं होतं. आमच्या भागातल्या बाईच्या ताटात ते कुठून येतं? तिच्या घरात मासा शिजत नाही आणि बाटलीतल्या तेलाचा भाव तिच्या नवऱ्याच्या मजुरीला झेपत नाही. मला गाडीपेक्षा या बाईची काळजी जास्त वाटते.

जवसाची_चटणी

आहारताई, आपलं जवस आहे ना! आई खलबत्त्यात कुटायची, भाजलेलं जवस, लाल मिरची, लसूण, मीठ. कळण्याच्या भाकरीवर चटणीचा ढीग, मधे खळगा करून त्यात कच्चं जवसाचं तेल. आख्खं ओमेगा-३.

तेलघाणा

नागपूरजवळ लाकडी घाणा चालवतो. जवसाचं तेल काढतो, तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ असतं हे खरं. पण गिऱ्हाइकाला हात जोडून सांगतो, फोडणीला वापरू नका, अंधाऱ्या बाटलीत ठेवा, महिन्याभरात संपवा. हवा लागली की लवकर खवट होतं. म्हणून तर पूर्वी ते रंगात घालायचे, लाकडावर सुकून कातडीसारखं बसतं.

आहारताई

जवस रोज खा, मी स्वतः खाते. पण जवसातलं ओमेगा-३ म्हणजे एएलए, त्याचं डीएचए शरीराला करावं लागतं, आणि बहुतेकांच्या शरीरात ते एक टक्कासुद्धा होत नाही. म्हणून जवस हृदयासाठी उत्तम, पण बाळाच्या मेंदूसाठी एकटं पुरेल असं मी सांगत नाही. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांकडची माणसं गोड्या पाण्याचा मासा खातात, त्यांना थोडंफार तरी मिळतं. आपल्या वऱ्हाडातल्या माळकरी घरांचं काय?

खारं_पाणी

शैवालिनीताई, मग ते बाटलीतलं शेवाळाचं तेल येतं कुठून? तळ्यातूनच ना?

शैवालिनी

सर, हाच माझा सगळ्यात आवडता प्रश्न. नाही! ते तळ्यातून येत नाही. त्याला ऊनच लागत नाही.

थ्रॉस्टोकायट्रिड नावाचे समुद्री सूक्ष्मजीव आहेत, त्यातलं शायझोकायट्रियम प्रसिद्ध. लोक शेवाळ म्हणतात, पण त्यांच्यात हिरवं द्रव्य नसतं. खारफुटीची पानं चिखलात पडून कुजतात ना, त्यांवर ते जगतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. शेषगिरी रघुकुमार यांनी यांच्यावर आयुष्यभर काम केलं. मी पहिल्यांदा पाहिले ते मांडवीकाठच्या कुजक्या पानावर. त्यांना पकडायची युक्ती अशी की समुद्राच्या पाण्यावर पाइनचे परागकण भुरभुरायचे, दोन-तीन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. परागकणाला चिकटलेले पारदर्शक मणी दिसतात आणि प्रत्येक मण्यात तेलाचे थेंब चमकतात. त्या दिवशी मी जेवायला विसरले होते.

यांना स्टीलच्या बंद टाकीत साखर खाऊ घालतात. लिटरला शंभर ग्रॅमपर्यंत वाढतात, त्यात निम्मं तेल, आणि तेलात तिसरा हिस्सा किंवा जास्त डीएचए. हिशेबींच्या टँकरशी ताडून बघा: तिथं दहा हजार लिटरमधून सव्वा किलो, इथं वीस लिटरच्या कॅनमधून किलोभर तेल. अमेरिकेत १९८५ साली मार्टेक नावाची कंपनी निघाली, तिची माणसं आधी अंतराळवीरांच्या अन्नासाठी शेवाळावर काम करत होती. त्यांनी क्रिप्थेकोडिनियम नावाच्या दुसऱ्या समुद्री जीवापासून असंच अंधारात डीएचए काढलं, ते पुढे तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरीत गेलं.

आता मग याचंच डिझेल का करू नये? कारण किलोभर तेलाला पाच किलोच्या आसपास साखर लागते. साखर जाळून डिझेल करणं कोणाला परवडेल? औषधाच्या भावानं विकलं जाणारं डीएचए मात्र परवडतं.

हिशेबी

वीस लिटरला एक किलो! मी दोनदा गणित केलं, बरोबर येतंय. वाचनखूण साठवली.

बुढा_बैल

म्हणजे तळ्याचं काम न्हाई, भट्टीचं काम हाय. मोहाची भट्टी असती तं आमच्या गावात जाणकार लय हायत.

शैवालिनी

काका, अगदी योग्य बोललात, हे भट्टीवाल्याचंच शास्त्र आहे. फक्त इथं टाकीत एक जरी परका जीवाणू शिरला तर सगळा घाणा वाया. त्यामुळे गावात होण्यासारखं नाही, कारखान्याचं आहे.

खारं_पाणी

चार दिवस लिहिलं नाही, कारण पुतण्याला घेऊन प्रयोग करत होतो. त्याला नुसतं ‘नको’ म्हटलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं.

शेजाऱ्याच्या शेततळ्यात पाणी हिरवं झालंय. समुद्री नव्हे, गावठी शेवाळ, पण अंदाज तर येईल. वीस लिटर आणलं. आधी मलमलच्या फडक्यातून गाळलं, खाली हिरवंच. चौपदरी केलं, तरी हिरवंच.

शैवालिनी

येणारच! त्या पेशी दोन-चार मायक्रॉनच्या असतात, माणसाचा केस सत्तर. फडक्याची भोकं त्यांना दरवाजासारखी. स्पिरुलिनाचं तसं नाही, त्याची लांब मळसूत्री दोरी असते, ती कापडावर अडकते. म्हणून लहान शेतकऱ्याला जमण्यासारखं ते एकच.

खारं_पाणी

हो, मग तुरटी फिरवली, पुराच्या पाण्यात आई फिरवायची तशी. दोन तासांत हिरवा गाळ तळाशी बसला, वर पाणी नितळ. गाळ ताटलीत घेऊन गच्चीवर वाळवला. पापडीसारखी हिरवी-काळी खपली झाली, कडेनं उलत गेली. ती कागदात बांधून दर्यापुरात आमच्या सोनाराकडे गेलो. त्यानं तराजूची काच बंद केली, आकडा थांबू दिला. ५.८ ग्रॅम. त्यात तुरटी आणि मातीही आली. सोनार म्हणाला, गुरुजी, हे सोनं असतं तर बरं होतं.

पुतण्या काट्याकडे बघत राहिला. घरी येताना गाडीवर त्यानंच हिशेब केला, या सगळ्यात पाव तेल धरलं तरी दीड ग्रॅम. वीस लिटरमागे. नंतर म्हणाला, काका, त्या माणसाला विचारू की माल घेणार कोण. परवा पोरांनी फोन केला, खरेदीचा भाव आणि घेणाऱ्या कारखान्याचं नाव लेखी मागितलं. ‘नोंदणीनंतर देऊ’ म्हणाला. त्यानंतर उचलत नाही.

बुढा_बैल

माह्या पोत्याईचं सार्थक झालं गुरुजी.

जवसाची_चटणी

पुतण्याला शाबासकी द्या माझ्याकडून.

खारं_पाणी

आता मूळ प्रश्नाकडे. पोराचा उत्साह मला मारायचा नाही. ताई, तुम्ही म्हणालात स्पिरुलिना कापडावर अडकतं. आमच्या पाण्यात चालेल का? तेलासाठी नाही, माहीत आहे.

शैवालिनी

तुमच्या पाण्यात बायकार्बोनेट असेल तर ते त्याला आवडतंच, उरलेला खाण्याचा सोडा घालायचा. पस्तीस अंशांपर्यंत खुशीत वाढतं, मेमध्ये मात्र हिरवी जाळी लावा. आधी पाणी प्रयोगशाळेत देऊन आर्सेनिक, शिसं, नायट्रेट तपासून घ्या, कारण पाण्यात जे असेल ते शेवाळ अंगात धरतं. अहवाल चांगला आला तरच पुढे. पाचशे लिटरच्या एका टाकीपासून सुरुवात, कर्ज अजिबात नको, आणि पहिले सहा महिने विकायचं नाही.

लोणारकर

बियाण्यासाठी कोणी तळ्यावर येऊ नका हं, अभयारण्य आहे. पाणी उचललं की वनखातं गुन्हा दाखल करतं.

आहारताई

सर, अहवाल इथं टाका. नीट आला तर अंगणवाडीच्या ताईंशी मी बोलते. आणि तेलघाणा, दर्यापूरच्या बाजूला जवस पेरणारे वाढले तर ताजं तेल तिकडं पोचेल का?

तेलघाणा

बी पाठवा, काढून देतो. पेंड तुमची. हिवाळ्यातच पाठवा, उन्हाळ्यात बाटली पोचेपर्यंत वास येतो.

खारं_पाणी

पाण्याची बाटली उद्याच अकोल्याला देतो. ताई, अहवाल ठीक आला तर बियाणं मिळेल का?

शैवालिनी

दिवाळीत मूर्तिजापूरला येतेय, पाच लिटर घेऊन येईन. पुतण्याला स्टँडवर पाठवा आणि सांगा, कॅनचं झाकण अर्धं सैल ठेवायचं, रात्री त्यालाही हवा लागते. एसटीत खिडकीच्या उन्हात ठेवायचं नाही, पायाजवळ सावलीत, आणि घरी पोचल्याबरोबर उघडायचं.